दिघोरे सरांचं चौथं फाटक

लाखांदुरात चाळिशी ओलांडलेल्या माणसाच्या हातात खडू द्या आणि एक चिनी अक्षर काढायला सांगा. एस.टी.चा कंडक्टर असो, धानाचा शेतकरी असो, नाही तर नदीवर डोंगा घालणारा ढिवर असो, तो दोन उभ्या रेघा ओढेल, त्यांना वरच्या बाजूला आतून दोन छोट्या खिडक्या लटकवेल आणि म्हणेल, "हे फाटक." चिनीतलं दुसरं एकही अक्षर त्याला येणार नाही. हे एक येतं, कारण ते दिघोरे सरांनी शिकवलं, आणि सरांनी शिकवलेलं विसरायची सोय नव्हती. विसरलात तर ते पुन्हा शिकवायचे.

दिघोरे सर आमच्या शाळेत चित्रकलेचे मास्तर. मी मराठी शिकवायला तिथे रुजू झाले तेव्हा सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. सर जेमतेम तिशीचे असतील, पण वागायचे असे की जणू उद्याच निवृत्त व्हायचंय. पांढरा बुशशर्ट, बारा महिने छत्री, आणि शर्टाच्या खिशात कागदाशिवाय नुसतेच कोंबलेले रंगीत खडू. त्या खिशाचा तळ वर्षभर धुळवड खेळलेला असायचा. एकटेच राहायचे. लग्नाचा विषय कोणी काढला की म्हणायचे, "रेघ सरळ येऊ द्या आधी." कोणाची रेघ, कसली रेघ, हे विचारायची हिंमत स्टाफरूममध्ये कोणाला झाली नाही.

त्यांची एक खोड मला पहिल्याच दिवशी भोवली. मधल्या सुट्टीत चपराशाने चहा आणला. मला पुढचा तास होता म्हणून मी कप उचलला आणि दारातच उभ्याने पिऊ लागले. सर खुर्चीतून उठले, ती माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाले, "बसा बाई."

"नाही सर, घंटा होऊन राहिली."

"होऊ द्या. घंटा काय, रोजच होते. उभ्यानं काही घेऊ नये माणसानं कोणाच्या घरचं."

मी म्हटलं, घर कुठे, ही शाळा आहे. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी निमूट बसले. नवी आहे, हिला काय कळणार, असं काहीसं त्या पाहण्यात होतं. पुढे मला कळलं की हा नियम सगळ्यांना लागू होता. इन्स्पेक्टरसाहेबांनाही त्यांनी असंच बसवलं होतं.

पण दिघोरे सरांचं खरं राज्य शनिवारचं. शनिवारी सकाळची शाळा, आणि शेवटचा तास त्यांचा. त्या तासाला ते चित्र शिकवत नसत. गोष्ट सांगत, आणि सांगता सांगता फळ्यावर रंगीत खडूने काढत जात. उजव्या हाताने नदी चालू, डाव्या हाताने डोंगर चालू, तोंडाने गोष्ट चालू. भिंतीपलीकडे माझा व्याकरणाचा तास असायचा. मी समास सोडवत असताना माझी सगळी पोरं भिंतीच्या बाजूला कलायची. सुरुवातीला मी रागावले. मग मीही मुकाट्याने खुर्ची भिंतीजवळ नेली. तत्पुरुष काही पळून जात नव्हता.

गोष्ट चीनची होती. फार जुन्या पोथीतली, असं सर सांगायचे. एका मोठ्या नदीवर एक नावाडी होता. एके दिवशी राजा आला आणि म्हणाला, सगळ्यांच्या आधी मला पार ने. नावाडी म्हणाला, रांगेत या. राजाला राग आला. त्याने नदीच कोंडून टाकली. तिच्यावर सात फाटकं घातली आणि एकेका फाटकावर एकेक राखणदार बसवला. खालच्या गावांची धानं वाळली. मग नावाड्याने वल्हं खांद्यावर टाकलं, आपला म्हातारा हल्या सोबत घेतला आणि फाटकं उघडायला निघाला.

ढिवरांच्या पोरांची छाती या गोष्टीने नुसती फुगायची. पुस्तकभर राजे आणि सेनापती, आणि इथे एक आपल्यातला माणूस वल्हं घेऊन राजाशी भांडतोय. हल्या तर सगळ्यांच्याच घरचा. सर त्या रेड्याचे कान काढायचे ते इतके हुबेहूब की मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडायचंच, "सर, हा तं आमचा होय!"

एकेका फाटकाला दोन-दोन, तीन-तीन शनिवार लागायचे. एका फाटकावर एक डोळा उघडा ठेवून झोपणारा राक्षस. पुढच्यावर दोन भाऊ, एकाने सुरू केलेलं वाक्य दुसरा पुरं करणारे. मग घंटा गिळलेला बेडूक. चौथ्या फाटकावर मात्र एक बाई होती. तिच्याजवळ हत्यार नव्हतं. चुलीवर पेज शिजत ठेवायची आणि येणाऱ्याला म्हणायची, बस, पेज पी, मग जा. जो बसला तो तिथलाच झाला. नावाडी हुशार. तो म्हणाला, "आता घाई आहे, परत येताना बसीन." उभ्यानेच त्याने पेज प्यायली आणि तिने काही न बोलता फाटक उघडलं. पोरांना हे फाटक आवडायचं नाही. मारामारी नाही, काही नाही. सर मात्र ते सर्वांत निगुतीने काढायचे. चुलीतला जाळ, मातीचं मडकं, पळीतून सांडणारी पेज.

पाचव्यावर वारा सोडणारा म्हातारा. आणि सहाव्या फाटकावर, लाल पोशाखात, नावाड्याचा सख्खा धाकटा भाऊ.

तिथे गोष्ट थांबायची. सर खडू खिशात टाकायचे.

"मंग काय झालं सर?"

"मले माहीत नाही."

"सर, सांगा ना!"

"अरे, मले इथवरच सांगितली. पुढची ऐकाची राहून गेली."

दर वर्षी नवा वर्ग, दर वर्षी तीच गोष्ट, आणि दर वर्षी सहाव्या फाटकावर तोच गलका. एकदा मुख्याध्यापकांनी त्यांना बोलावून घेतलं. पालक तक्रार करत होते, पोरं जेवताना शेवट विचारतात, धाकट्यांना थोरले चिडवतात, घराघरांत भांडणं. मुख्याध्यापक म्हणाले, "दिघोरे, एक शेवट करून टाका ना एकदाचा. नावाडी जिंकला म्हणा. कोण चीनमधून तपासायला येऊन राहिलं?"

सर म्हणाले, "दुसऱ्याची गोष्ट होय सर. मी कसा करू?"

"मग सांगता काहून?"

"सांगतल्याबिगर राहवत नाही."

 मुख्याध्यापकांनी शेरा मारायला उचललेलं पेन खाली ठेवलं.

मारोती नावाचा एक ढिवर तर आपला शेवट घेऊनच शाळेत आला होता. मुलाकडून रोज ऐकून ऐकून त्याचं डोकं फिरलं असावं. सरांनी त्याला बसवलं, चहा मागवला. मारोती म्हणाला, "गुरुजी, नावाड्यानं भावाले मारू नये. नदी दोघायची होय. भावाले डोंग्यात बसवावा अन् दोघं मिळून सातवं फाटक तोडावं." सरांनी शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाले, "लय चांगला आहे मारोती. पण हा तुह्या नावाड्याचा शेवट होय. माह्या नावाड्याचं काय झालं, ते एकाच माणसाले माहीत आहे."

तो माणूस कोण, हे मला कळलं चुलबंद नदीच्या पुरात. भंडाऱ्याला शिक्षकांचं कसलं तरी शिबिर होतं. तिथून परतताना पुलावरून पाणी गेलं आणि बस अलीकडेच थांबली. दुपारची वेळ. लोक उतरून पाणी पाहायला गेले. मी आणि सर बसमध्येच राहिलो. सर खिडकीतून त्या लाल पाण्याकडे पाहत होते आणि आपणहून बोलू लागले. मी विचारलं असतं तर बोलले नसते.

त्यांचे मामा रेल्वेत होते. त्यांच्या आधाराने सर वयाच्या विशीत चित्रकला शिकायला कलकत्त्याला गेले. राहायला खोली मिळाली ती एका चिनी म्हाताऱ्याच्या घरात, वरच्या मजल्यावर. म्हातारा दातांच्या कवळ्या करायचा. रस्त्यावरच्या काचेच्या कपाटात कवळ्या मांडलेल्या असायच्या. सर म्हणाले, "घरात शिरलो का सगळ्या हसून राहायच्या, बाई. मले पहिल्या दिवशी मोठं भेव वाटलं."

संध्याकाळी दुकान बंद झालं की म्हातारा खुर्चीत बसून पोथीतली गोष्ट सांगायचा. चिनी भाषेत. ती हिंदीत करून सांगायची त्याची मुलगी. म्हणजे सरांनी सगळी गोष्ट ऐकली ती तिच्या तोंडून, कलकत्त्याच्या मोडक्या हिंदीत. ते फाटकाचं अक्षर तिनेच त्यांच्या चित्रवहीत काढून दिलेलं. तिचं नाव सरांनी मला कधीच सांगितलं नाही. "ते पोरगी" म्हणायचे. आमच्याकडे मुलीलाही 'ते' म्हणतात.

"मंग दिवाळीले मी गावाले आलो," सर म्हणाले. "लढाई लागली होती चीनसंग. पेपरात रोज येऊन राहिलं होतं. मामा म्हणे, लौकर वापस जा. पण बाई, तुमाले माहीत आहे, झाडीतला माणूस मंडई सोडून जाते का?"

नाही जात. दिवाळी झाली की आमच्या या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. लेकी माहेरी येतात, सोयरिकी जुळतात, रात्रभर नाटकं होतात. मंडई टाकून गाव सोडणाऱ्याला लोक वेडा म्हणतात. त्यातून सर पडदे रंगवणारे. गावच्या नाटकाला राजवाड्याचा नवा पडदा हवा होता, आणि मंडळींनी कलकत्त्याच्या चित्रकाराला धरूनच ठेवलं.

"पडदा रंगवला. लय वाहवा झाली. मंग शेजारच्या गावची मंडई, तिथला पडदा. अन् वापस गेलो तं घराले कुलूप. शेजारी म्हणे, पुलिस ले गई. चिनी म्हून नेलं, बाई. तो बुढा कलकत्त्यातच पैदा झाला होता. त्यानं चीन पाह्यलाही नव्हता."

"कुठे नेलं?"

"कोणी म्हणे रेगिस्तानात कॅम्प आहे. कोणी म्हणे तिकडंच धाडून देले. मी ठाण्यात गेलो विचाराले. ते म्हणे, तू कोण त्यायचा? आता काय सांगू मी? किरायेदार."

कपाटातल्या कवळ्या काचेआड तशाच होत्या, म्हणाले. दोन वर्षांनी पुन्हा गेले तर त्या जागी पंख्यांचं दुकान झालं होतं. मग ते लाखांदूरला आले, नोकरीला लागले आणि शनिवारी गोष्ट सांगू लागले.

त्या दिवशी पाणी उतरेपर्यंत आम्ही बसून होतो. मला फार वाईट वाटलं, आणि तेव्हा कुठे दोन गोष्टी कळल्या. सर मंडईला कधी का येत नाहीत, आणि नाटकवाल्यांनी हातापाया पडूनही पडद्याला ब्रश का लावत नाहीत. मंडईच्या दिवशी सर घराची दारं-खिडक्या रंगवत बसायचे. हात रंगाने माखलेले असले की कोणी बोलवायला आलं तरी जाता येत नाही. दर वर्षी रंगाचा एक हात. लाखांदुरात एवढी जाड रंगाची दारं दुसऱ्या कोणाचीच नव्हती. पावसाळ्यात ती लागायची नाहीत आणि उन्हाळ्यात उघडायची नाहीत.

अशी बरीच वर्षं गेली. माझी पहिली पोरं कंडक्टर झाली, कोणी दुकानं घातली, पोरींची लग्नं होऊन त्या पोरंबाळं घेऊन मंडईला येऊ लागल्या. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. त्या वर्षी मंडईत आकाशपाळण्याच्या पलीकडे एक नवा तंबू लागला होता. बाहेर लाल रंगात लिहिलं होतं, 'व्हिडिओ गेम'. नागपूरहून कोणी एक जण कपाटाएवढी मशीन घेऊन आला होता. जनरेटर धडधडत होता. मी पाहुण्यांना घेऊन सहज आत डोकावले.

मशीनच्या कुशीवर एक अक्षर रंगवलेलं होतं. दोन उभ्या रेघा, वर दोन छोट्या खिडक्या.

मी पुढे घुसले. काचेवर निळी नदी चालली होती. तिच्या काठाने एक ठेंगणा माणूस उड्या मारत होता, आणि त्याच्या हातात वल्हं होतं. समोर फाटक. फाटकात एक डोळा मिटलेला राक्षस.

पाहुण्यांना तिथेच सोडून मी निघाले. माझं वय काही धावायचं नव्हतं, पण त्या दिवशी मी मंडईच्या गर्दीतून लुगडं सावरत धावले. सर खिडकीला हिरवा रंग देत होते.

"सर, चला. तुमचा नावाडी आला."

"कोण?"

"नावाडी. वल्हंवाला. मशीनमध्ये आहे. फाटकाचं अक्षरही आहे."

सरांनी ब्रश डब्यात टाकला. कपडे बदलले नाहीत, हात धुतले नाहीत, छत्री घेतली नाही. एवढ्या वर्षांत मी त्यांना छत्रीशिवाय प्रथमच रस्त्यात पाहिलं. मंडईतले लोक वळून वळून पाहत होते. दिघोरे सर मंडईत! तंबूपर्यंत पोचेस्तोवर आमच्या मागे वरातच झाली.

सरांनी ते अक्षर पाहिलं. बोट लांब केलं, तसा मशीनवाला ओरडला, "ओ गुरुजी, हात नका लावू! रंग लागते. किरायाची मशीन आहे."

"कुठली होय ही?"

"जपानी माल. पण कहाणी चीनची आहे म्हणते. जुनी पोथी आहे म्हणे त्यायची, तिच्यावरून बनवली."

सर म्हणाले, "मालूम आहे." मग जरा घुटमळून म्हणाले, "मले शेवट पाहाचा आहे. पण हाताले रंग आहे. तुम्ही खेळता का?"

मशीनवाल्याने एकदा सरांकडे, एकदा त्यांच्यामागे दाटलेल्या गर्दीकडे पाहिलं आणि तो खेळायला बसला. त्याला ती मशीन पाठ होती. आमच्या शाळेच्या निम्म्या पिढ्या त्या तंबूत शिरल्या होत्या आणि सगळ्यांना पुढे काय येणार ते ठाऊक होतं. राक्षस पडला. "आता दोघं भाऊ!" आले. "आता बेडूक!" आला. मशीनवाला चमकून मागे पाहू लागला. त्याला वाटलं, लाखांदुरात आपल्याआधी कोणी ही मशीन आणली की काय.

मी विचार करत होते तो वेगळाच. कुठल्या काळी चीनमध्ये कोणी तरी ही गोष्ट लिहिली. एका वाटेने ती म्हाताऱ्याच्या तोंडी, तिथून त्या मुलीच्या हिंदीत, तिथून सरांच्या झाडीत आणि आमच्या फळ्यावर आली. दुसऱ्या वाटेने ती जपानला गेली, मशीनमध्ये बसली आणि जनरेटरवर आमच्या मंडईत आली. दोन्ही वाटा या तंबूत येऊन भेटल्या, आणि मधोमध हिरव्या हातांचे सर उभे होते. मला भरून आलं होतं. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं.

"हल्या कुठं गेला?" सर मध्येच म्हणाले.

"कोणता हल्या?"

"नावाड्यासंग असते. बुढा हल्या."

"नसन मावला मशीनमध्ये," मशीनवाला म्हणाला. सगळे हसले. सर हसले नाहीत. त्यांना राग आला होता.

बेडूक पडला. फाटक उघडलं. पाठीमागून कंडक्टर झालेला आमचा एक विद्यार्थी म्हणाला, "आता पेजवाली."

पण पेजवाली आली नाही. काचेवर ढग आले, झाडं वाकली आणि वारा सोडणारा म्हातारा समोर उभा राहिला.

"थांबा," सर म्हणाले. "चौथं फाटक राहिलं."

"हेच चौथं ना गुरुजी."

"हे पाचवं होय. याच्याआधी एक बाई असते. पेज वाढते."

"बाई? यात बाई नाही एकही," मशीनवाला काचेवरची नजर न काढता म्हणाला. "सगळे मिळून सहा फाटकं आहेत. मी रोज खेळून राहिलो."

 मी सरांकडे पाहत होते. वाऱ्याचा म्हातारा पडला, पुढचं फाटक दिसू लागलं, त्यात लाल पोशाखाचा भाऊ. तंबूत नुसता कल्ला. सगळे जण जिथे वर्षानुवर्षं अडकले होते ती जागा आली होती. आणि सर वळले. लोकांना बाजूला सारत, ज्याला त्याला हिरवा रंग लावत, तंबूबाहेर निघून गेले.

मी मागोमाग गेले. ते तलावाच्या पाळीवर बसले होते. 

"बाई, पेजवाली पोथीत नाही," ते म्हणाले. "हे त्या पोरीनं घातली."

माझा स्वभाव शंकेखोर. मी म्हटलं, "हल्या गाळला तशी तीही गाळली असेल त्यांनी."

"नाही. बुढा त्या दिवशी खुर्चीतच झोपला होता. मी म्हटलं, आज गोष्ट राहू दे. ते म्हणे, नाही, मले येते पुढची. मी समजलो, पाठ असन." सर हिरव्या हातांकडे पाहत होते. "दुसऱ्या दिवशी बुढ्यानं वाऱ्यावाला सांगतला अन् चार बोटं दाखवली. ते हसली अन् त्याचं पाचवं बोट वर केलं. म्हणे, फाटकं सहा नाही, सात होय. मले वाटलं, बुढा विसरला. मी मनात हसलो त्याले."

मी पाळीवर त्यांच्या शेजारी बसले.

"दिवाळीले निघालो त्या दिवशी गाडीची घाई होती. तिनं पेज आणून देली. ते लोकही आपल्यासारखीच पेज खातात, बाई. म्हणे, बैठो. मी उभ्यानंच पेलो. काय म्हटलं असन मी? म्हटलं, वापस आलो का बसतो." त्यांनी बोटावरचा रंग खरवडला. "इतकी वर्षं पोट्ट्यायले तेच सांगून राहिलो. हात धरून अक्षर शिकवलं, चूल काढली, मडकं काढलं. अन् मलेच नाही समजलं मले काय म्हटलं होतं ते. मी आपला किरायेदारच समजून राहिलो स्वतःले."

तलावात पोरं म्हशी धूत होती. मंडईतला आकाशपाळणा दिसत होता. मला त्यांच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला. आमच्या गावी तेव्हा तसं करता येत नव्हतं. मी नुसती बसून राहिले.

तंबूतून आधी मोठा जल्लोष ऐकू आला आणि मग विचित्र शांतता. थोड्या वेळाने तो कंडक्टर पाळीकडे येताना दिसला. सरांनी लांबूनच हात वर केला. "मले नोको सांगू रे बाबू. कोणीच नोको सांगू. मले ज्याच्या तोंडून ऐकाचं आहे त्याच्याच तोंडून ऐकीन." आणि उठून घराकडे चालू लागले.

ते गेल्यावर मी कंडक्टरला विचारलं, "काय रे? काय झालं शेवटी?"

त्याचा चेहरा उतरला होता. "बाई, भावाले मारलं. सहावं फाटकही तोडलं. अन् मंग तं पुन्हा पहिलंच फाटक आलं. तोच राक्षस, नुसता जरा जोरात पळते. मशीनवाला म्हणे, याले शेवटच नाही. मरस्तोवर खेळाचं."

ही गोष्ट लाखांदुरात कोणी सरांच्या कानावर जाऊ दिली नाही. एरवी आमच्या गावात कोणाच्या घरी काय शिजलं ते संध्याकाळपर्यंत वेशीपर्यंत जातं. पण हे सगळ्यांनी पोटात ठेवलं. लहान पोरांनीसुद्धा. पुढच्या शनिवारी सरांनी गोष्ट सांगितलीच नाही. फळ्यावर काही न काढता ते खिडकीशी उभे राहिले, आणि वर्गानेही मागितली नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांनी लांब रजेचा अर्ज टाकला. कलकत्त्याला जाणार होते. नेलेल्यांपैकी कित्येक जण पुढे सुटून परत आले, त्याच गल्ल्यांत पुन्हा दुकानं घातली, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. मुख्याध्यापक म्हणाले, एवढ्या वर्षांनी कोण सापडतं? खरंच होतं ते. ती असेल तर पन्नाशीला टेकलेली असेल, नातवंडं असतील, नाही तर दुसऱ्याच देशात असेल. हे सगळं सरांना कळत नव्हतं असं नाही.

पुढच्या गोष्टी लाखांदुरात दोन-तीन प्रकारच्या सांगतात. कोणी म्हणतं, ते तिथेच राहिले, दुकानांच्या पाट्या रंगवतात. कोणी म्हणतं, गोंदियाच्या फलाटावर दिसले होते, ओळख दिली नाही. माझ्या यजमानांची बदली झाली आणि मीही ते गाव सोडलं. या गोष्टींच्या वाटेला मी जात नाही. मी पाहिलेले दिघोरे सर बसस्टँडवरचे.

सकाळची भंडाऱ्याची बस होती. तिथून वरठीला जाऊन त्यांना हावड्याची गाडी धरायची होती. मी शाळेत जाता जाता स्टँडवर गेले. सर बसच्या दाराशी उभे होते. धुतलेला बुशशर्ट, पत्र्याची एक पेटी. दाढी इतकी घोटून केलेली की गालाला दोन ठिकाणी कापलं होतं. ते इतके तरुण दिसत होते की मला बघवेना.

"जाऊन येतो बाई," ते म्हणाले.

"या सर."

ड्रायव्हरने बस सुरू केली. कंडक्टर तोच, आमचाच विद्यार्थी. त्याने घंटी वाजवायला दोरी धरली होती, पण तो थांबून राहिला. सर पायरीवर चढले, आणि पुन्हा खाली उतरून माझ्याजवळ आले. आवाज एकदम खाली आणून म्हणाले, "बाई, तुमाले त्या दिवशी तंबूत काय झालं ते माहीत असन."

"माहीत आहे."

"काय आहे ते नोका सांगू. फक्त येवढंच सांगा." त्यांना शब्द सापडेना. "शेवट आहे ना? त्या गोष्टीले शेवट तं आहे ना?"

कंडक्टर दोरी हातात धरून माझ्याकडे पाहत होता.

"आहे, सर," मी म्हटलं. "चांगला आहे."

"बस, बस," त्यांनी घाईने हात वर केला, "पुढे नोका सांगू," आणि हसत बसमध्ये चढले.